शहीद द्वीपावरचे तीन महिने : आधी ओहोटी विचारा, मग बोटीचे तिकीट काढा

अंदमानातील शहीद द्वीपावर, म्हणजे 2018 पर्यंत ज्याला नील म्हणत त्या बेटावर, डिसेंबर ते फेब्रुवारी मी भाड्याच्या खोलीत राहिले. पुष्कळ पर्यटक येथे सकाळच्या बोटीने उतरतात, तीन किनारे घाईने पाहतात आणि दुपारी परत फिरतात. एवढ्या वेळात हे बेट दिसत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

लक्ष्मणपूरजवळची प्रवाळी खडकाची नैसर्गिक कमान गाठायची, तर पाणी ओसरलेले असावे लागते. पहिल्या खेपेस मी भरतीत पोहोचले आणि अर्ध्या वाटेवरून परतले. कोकणात वाढल्यामुळे तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचे गणित मला पाठ होते. परंतु ते आपल्या किनाऱ्याचे, येथे ते जुळत नाही. त्यानंतर मी घरमालकीणबाईंना विचारूनच निघू लागले. अमावास्येच्या उधाणाला पाणी दूरवर हटले, तेव्हा कमानीखालच्या एका डबक्यात खडकात रुतलेला मोठा शिंपला पाहिला. त्याच्या उघड्या कडा निळ्या-जांभळ्या होत्या आणि माझी सावली पडताच तो हळूच मिटला. मी बाजूला सरून थांबले. बऱ्याच वेळाने तो पुन्हा उघडला. त्या एका दृश्यासाठी मी पुन्हा तीन महिने राहीन.

बेटावरची वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची आहे आणि येथील भाजीपाला आसपासच्या बेटांवरही जातो. सायकलने फिरताना नारळी-पोफळीच्या सावलीत वांग्या-मिरचीचे वाफे दिसतात, तेव्हा घराजवळ असल्यासारखे वाटते. मात्र घड्याळ भारताचे आणि बेट पार पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, हे लक्षात ठेवूनच दिवस आखावा.

गैरसोयी आहेत. मोबाइलचे नेटवर्क बेभरवशाचे आहे. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. परतीच्या वेळी माझे दोन दिवस तसे गेले, म्हणून विमानाचे तिकीट बोटीच्या दुसऱ्याच दिवसाचे काढू नये. पुरेशी रोकड जवळ ठेवावी.

किमान तीन रात्री राहावे आणि शक्यतो अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास यावे. खडक धारदार आहेत, त्यामुळे जाड तळव्याची पादत्राणे हवीत; आणि जिवंत प्रवाळावर पाय पडू नये, म्हणून स्थानिक वाटाड्याच्या मागोमागच चालावे.