आयात केलेले ऑफ-रोड कॅम्पर ट्रेलर : स्वस्ताई वजनात मोजावी लागते

ऑस्ट्रेलियात कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचा आणि मुक्कामी तंबूसारखा उलगडायचा ट्रेलर, घ्यायला निघालेल्या कुटुंबापुढे किमतीची दोन टोके उभी राहतात. चीनमध्ये बांधून कंटेनरमधून इकडे आणलेला, कडक फरशीचा, पुढच्या बाजूला उलगडणारा ट्रेलर, ज्याला इथे सगळे फॉरवर्ड फोल्ड म्हणतात, तो साधारण १५ ते २५ हजार डॉलरांत मिळतो. मेलबर्नमध्ये तयार होणाऱ्या टीव्हॅनसारखा ट्रेलर नवा घ्यायचा तर साठ हजार आणि त्यापुढचीच तयारी ठेवावी लागते. आमच्याकडे गेली काही वर्षे आयात केलेला फॉरवर्ड फोल्ड आहे, स्नेह्यांकडे जुना टीव्हॅन आहे, आणि हे दोन्ही ट्रेलर सोबत घेऊन आम्ही दक्षिण ऑस्ट्रेलियातला फ्लिंडर्स रेंजेस आणि ऊडनाडाटा ट्रॅक हा मुलूख हिंडलो आहोत. त्या वापरातून आयात ट्रेलरच्या किमतीबद्दल आणि दर्जाबद्दल जे ठाम मत बनले, ते येथे मांडत आहे.

एवढा फरक कशाने पडतो, हे आधी पाहू. चीनशी झालेला मुक्त व्यापार करार २० डिसेंबर २०१५ पासून लागू झाला आणि तिकडच्या मालावरचे सीमाशुल्क उतरत गेले, हे खरे आहे. पण खरी बचत मजुरीत आणि रचनेच्या खर्चात होते. कमी वजनात मजबुती आणायची तर ताण नेमका कुठे येतो याचा अभ्यास करून तिथेच चांगले पोलाद आणि इतरत्र ॲल्युमिनियम वापरावे लागते, आणि त्यासाठी अभियंत्यांचा वेळ, चाचण्या आणि कुशल वेल्डर लागतात. स्वस्त ट्रेलर बांधणारा कारखाना हा खर्च टाळतो आणि सगळीकडेच जाड पोलाद घालून मोकळा होतो. ट्रेलर दिसायला दणकट दिसतो, प्रदर्शनात माणूस त्यावर खूश होतो, आणि वाचवलेले पैसे पुढे प्रत्येक किलोमीटरला इंधनाच्या, टायरच्या आणि ब्रेकच्या रूपाने भरत राहतो. आयात ट्रेलरबद्दल माझा मुख्य आक्षेप गंजाचा किंवा तंबूच्या फाटक्या चेनचा (झिपचा) नाही, तो या वजनाचा आहे.

हे आकड्यांत मांडले म्हणजे स्पष्ट होईल. या वर्गातल्या ट्रेलरचे रिकामे वजन बहुधा दीड टनाच्या आसपास असते आणि पाटीवर लिहिलेले कमाल एकूण वजन, म्हणजे एटीएम, दोन टनांच्या आगेमागे. आपल्या अनेक मराठी कुटुंबांकडे टोयोटा क्लूगर असते, आणि तिची ओढण्याची मर्यादाच २,००० किलो आहे. २०१९ साली आलेल्या पिढीची हायब्रिड रॅव्ह-फोर चारचाकी ओढीची असली तरी तिची मर्यादा १,५०० किलो, म्हणजे तिला हा ट्रेलर रिकामासुद्धा झेपायचा नाही. समजा रिकामे वजन १,५५० किलो आहे आणि एटीएम २,००० किलो. हाती राहिले ४५० किलो. त्यातून टाकीतल्या १५० लिटर पाण्याचे १५० किलो गेले, नऊ किलो गॅसच्या भरलेल्या दोन सिलिंडरांचे चाळीसएक किलो गेले, भरलेल्या फ्रिजचे पन्नासएक, बाहेर जोडायच्या तंबूचे आणि त्याच्या खांबांचे तीस-चाळीस. गाद्या-पांघरुणे, खुर्च्या, शिधा, हत्यारे, जादा चाक आणि चौघांचे कपडे उरलेल्या पावणेदोनशे किलोंत बसवायचे असतात. जादा चाक आणि बॅटरी रिकाम्या वजनात धरली आहे की नाही, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, कारण ही दोन्ही ‘ॲक्सेसरी’च्या नावाखाली वजनाबाहेर ठेवलेली मी पाहिली आहेत. वजन मर्यादेबाहेर गेले की अपघाताच्या वेळी विमा कंपनी दावा नाकारू शकते.

याउलट टीव्हॅनचे रिकामे वजन टनाच्या जवळपास असते. त्याच्या चाकांमागची एमसी-टू नावाची स्वतंत्र सस्पेन्शन रचना टीव्हॅन बनवणाऱ्या कंपनीनेच घडवलेली आहे. खडबडीत रस्त्यावर तो गाडीच्या मागे किती निमूट येतो, हे दोन्ही ट्रेलर पाठोपाठ चालवल्याखेरीज कळत नाही.

ट्रेलर पाहायला गेल्यावर लोक आधी स्वयंपाकघराचा कप्पा ओढून बघतात आणि गादीवर बसून पाहतात. माझा आग्रह आहे की आधी जुनी चटई अंथरून खाली झोपावे. सस्पेन्शनचे आडवे हात चासीला जिथे जोडलेले असतात त्या वेल्डिंगवरून अंगठ्याचे नख फिरवावे. चांगले वेल्डिंग एकसारख्या लहान लहरींचे असते आणि दोन्ही धातूंत मिसळून गेलेले असते. कच्चे वेल्डिंग वरून ओघळल्यासारखे गोळा होऊन बसते, मध्येच बारीक भोके दिसतात, आणि कडेला पोलाद खाल्ले गेलेले असते. आमच्या ट्रेलरच्या चासीचे मुख्य वेल्डिंग उत्तम निघाले, पण पाण्याच्या टाकीच्या पट्ट्यांना मात्र जेमतेम टाके मारलेले होते आणि त्यांतली एक पट्टी ऊडनाडाटा ट्रॅकवर विल्यम क्रीकच्या अलीकडे तुटली. मारीपासून मार्लापर्यंत जाणारा हा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता जुन्या घान रेल्वेच्या मार्गाला धरून जातो. त्याच्यावर वाहनांनी पडलेल्या आडव्या लाटा, ज्यांना इथे कॉरुगेशन म्हणतात, ट्रेलरची खरी परीक्षा घेतात. मोठा खड्डा एकदाच दणका देतो. कॉरुगेशन तासन्‌तास थरथरवत राहते, आणि त्या थरथरीने नट सैल होतात, वायरी घासतात, शॉक ॲब्सॉर्बरमधले तेल तापून पातळ होते. थांबल्यावर हाताची पाठ शॉक ॲब्सॉर्बरजवळ नेऊन पाहावी. दोन्ही बाजूंचे सारखेच तापलेले असले तर ठीक. एक गार असेल तर त्याने काम सोडले आहे असे समजावे.

स्प्रिंगांच्या बाबतीत माझे मत प्रचलित मताहून थोडे वेगळे आहे. आयात ट्रेलरच्या जाहिरातीत स्वतंत्र कॉइल सस्पेन्शन आणि प्रत्येक चाकाला दोन शॉक ॲब्सॉर्बर असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ते चांगले बांधलेले असेल तर पाट्यांपेक्षा, म्हणजे ट्रकला असतात तशा लीफ स्प्रिंगांपेक्षा, नक्कीच सरस आहे. पण स्वस्त ट्रेलरमध्ये त्याच्या सांध्यांतले बुश कच्च्या रबराचे असतात, चाकांची रेघ (अलाइनमेंट) चुकलेली असते, आणि मग टायर आतल्या बाजूने झिजून फुकट जातात. महाराष्ट्रातला कोणताही ट्रकवाला सांगेल की तुटलेला पाटा रस्त्याच्या कडेला बदलता येतो. कमी किमतीच्या ट्रेलरला साधे पाटे असणे हा उणेपणा नाही, आणि १२ हजारांच्या आतला ट्रेलर घेणाऱ्याने तर पाटेच मागावेत.

चाकांच्या हबमधली बेअरिंग नाव नसलेल्या कारखान्याची असतील तर ती घरी आणल्याबरोबर काढून जपानी बेअरिंग घालावीत आणि ग्रीस भरून घ्यावे. खर्च फार नाही, आणि एकाकी रस्त्यावर बेअरिंग जळाले तर चाकच निखळते. ट्रेलर गाडीला अडकवायच्या जोडणीच्या बाबतीतही तेच. रबरी ठोकळ्याची नक्कल जोडणी बदलून ब्रिस्बेनमधली क्रूझमास्टर कंपनी विकते ती डीओ-३५ बसवायला काहीशे डॉलर पडतात, पण ती तिन्ही दिशांना मोकळी फिरते आणि उताराच्या ओढ्यात ट्रेलर तिरका झाला तरी अडकत नाही. जोडणीशेजारच्या सुरक्षा साखळ्यांवर ४१७७ हा ऑस्ट्रेलियन मानकाचा आकडा कोरलेला आहे ना, आणि साखळी अडकवायच्या कडीवर, म्हणजे शॅकलवर, भार लिहिलेला आहे ना, हे पाहावे. ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, आणि चाकांवर येणारा भार २,००० किलोंच्या वर गेला तर सर्व चाकांना ब्रेक आणि ट्रेलर सुटल्यास आपोआप लागणारी यंत्रणाही लागते. इलेक्ट्रिक ब्रेकसाठी गाडीत नियंत्रक बसवावा लागतो, आणि तो खर्च जाहिरातीतल्या किमतीत कधीच नसतो. बेअरिंग, जोडणी, चांगले टायर, शॉक ॲब्सॉर्बर आणि बॅटरी असा सगळा हिशेब धरला तर आयात ट्रेलरच्या किमतीत आणखी तीन-चार हजार डॉलर घालावेच लागतात. तरीही तो स्थानिक ट्रेलरच्या निम्म्याहून कमी किमतीत पडतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

कॅनव्हासने माझी निराशा केली नाही. आमचे कापड जाड, सुती-पॉलिस्टर मिश्रणाचे आहे, आणि पहिल्या सहलीआधी अंगणात उभे करून नळीने चिंब भिजवून वाळवण्याचा संस्कार केल्यावर शिवणीच्या भोकांतले धागे फुगले आणि गळती थांबली. हे न करता पहिल्याच पावसाला सामोरे जाऊन कापड गळते अशी तक्रार करणारे बरेच असतात, आणि त्या तक्रारीत तथ्य नसते. चेनांचे तसे नाही. लाल धूळ स्वस्त चेनच्या दातांत बसली की ओढणारा हात आणि चेन यांपैकी चेनच आधी हरते. वायकेके या जपानी कंपनीची चेन आहे का, हे विचारून घ्यावे. धुळीचे दुसरे दार म्हणजे स्वयंपाकघराच्या कप्प्याचे झाकण. त्याचे रबर बोटाने दाबून सोडल्यावर लगेच मूळ जागी आले नाही तर एका दिवसाच्या कच्च्या रस्त्यानंतर डाळ-तांदळाच्या डब्यांवर बोटभर धूळ दिसेल.

स्वयंपाकघराबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपले खाणे सॉसेज भाजण्यापुरते नसते. बाहेर सरकणारा स्टीलचा कप्पा दिसायला झकास असतो. त्याचा पत्रा मात्र पातळ असतो, आणि पाच लिटरचा भरलेला कुकर शेगडीच्या टोकाकडच्या बर्नरवर ठेवला की पूर्ण बाहेर ओढलेला कप्पा खाली झुकतो. कुकर तिरका बसतो आणि वरणाचे पाणी एका बाजूला जाते. आम्ही टोकाखाली उघडमिट करता येणारा एक पाय बसवून घेतला आणि तो प्रश्न मिटला. शेगडीची वारा अडवायची कड फक्त बोटभर उंच असते, म्हणून मागची झडप वाढवून घ्यावी. पक्की जोडलेली गॅसची नळी असेल तर परवानाधारक गॅस तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र आणि ट्रेलरवर लावलेली पट्टी पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नये. इथे सवलत नको.

विजेचे काम आटोपशीर सांगता येते. सोबत दिलेली एजीएम (शिसे-आम्लाच्या प्रकारातली) बॅटरी १०० अँपिअर-तासांची असली तरी तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरता येते, आणि एका फ्रिजला उन्हाळ्यात ती दीड दिवस पुरली तर नशीब. लिथियम बॅटरी आणि गाडीतून ५० अँपिअरच्या अँडरसन प्लगने, म्हणजे जाड वायरीच्या जोडणीने, चालणारा आणि चालत्या गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर घ्यावा. कारखान्यातल्या बारीक वायरी मात्र इथल्या वाहन-इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याव्यात.

हक्कांचा भाग किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. २०२१ साली लागू झालेल्या वाहन मानक कायद्याखाली नवा ट्रेलर केंद्रीय नोंदवहीत चढल्यावरच विकता येतो, आणि चासी क्रमांक टाकून ती नोंद कोणालाही पाहता येते. ती अवश्य पाहावी. मात्र त्या नोंदीचा संबंध दिवे, ब्रेक, मापे आणि जोडणी यांच्याशी आहे, टाकीच्या पट्टीला मारलेल्या वेल्डिंगच्या टाक्यांशी नाही. ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्यानुसार परदेशी निर्मात्याचे येथे ठिकाण नसेल तर आयातदारच निर्माता मानला जातो, आणि दोष गंभीर असेल तर पैसे परत की बदली माल, हे ठरवण्याचा हक्क ग्राहकाचा असतो. स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०२२ साली नव्या कॅरॅव्हॅनच्या विक्रीवर जो अहवाल काढला, त्यात दुरुस्तीतल्या दिरंगाईचा आणि ग्राहकांना हक्कांबद्दल दिल्या जाणाऱ्या चुकीच्या माहितीचा प्रश्न ठळकपणे आला आहे. आमच्या आयातदाराने टाकीच्या पट्ट्या विनातक्रार बदलून दिल्या, पण सुटा भाग कंटेनरमधून येईपर्यंत हिवाळ्याची सुट्टी निघून गेली. आयातदार किती वर्षे या धंद्यात आहे, त्याच्याकडे सुट्या भागांचे कोठार आहे की नुसते भाड्याचे अंगण, हे किंमत विचारण्याआधी विचारावे. कंपनी बंद पडली तर कायद्यातला हक्क कागदावरच राहतो.

मग कोणी काय घ्यावे? व्हिक्टोरियातले ग्रॅम्पियन्स डोंगर, मरे नदीकाठ, फार तर खडीचा रस्ता, आणि वर्षातून काही आठवडे असा वापर असेल तर आयात केलेला मऊ फरशीचा, म्हणजे तंबूची कापडी फरशी जमिनीवर पसरणारा, हलका ट्रेलर घ्यावा. तो टनाच्या आत राहतो, पाट्यांवर चालतो, आणि त्याचे पैसे पुरेपूर वसूल होतात. उभारायला वेळ लागतो एवढाच त्याचा दोष. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडसारखा साडेसहाशे किलोमीटरचा रस्ता किंवा क्वीन्सलंडच्या उत्तर टोकाचे केप यॉर्क डोक्यात असेल तर २५ हजारांचा नवा आयात फॉरवर्ड फोल्ड घेण्यापेक्षा त्यात थोडी भर घालून दहा-बारा वर्षे जुना स्थानिक ट्रेलर शोधावा. त्याची किंमत पुढेही टिकते, भाग मिळतात, आणि पीपीएसआर या तारण-कर्जांच्या सरकारी नोंदवहीवर दोन डॉलर भरून त्याच्यावर कोणाचे कर्ज नाही याची खात्री करता येते. आयात फॉरवर्ड फोल्ड योग्य ठरतो तो ज्यांच्याकडे तीन टन ओढणारी गाडी आहे, मुले दोन-तीन आहेत, आणि ज्यांना हत्यारे हातात धरायला आवडतात त्यांना. आम्ही त्यांत मोडतो, म्हणून तो ठेवला आहे.

ज्यांनी आयात ट्रेलरचा निर्णय पक्का केला आहे त्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी विक्रेत्याला घेऊन सार्वजनिक वजनकाट्यावर जावे, टाक्या रिकाम्या ठेवून जादा चाक व बॅटरीसकट ट्रेलरचे वजन करावे, आणि ती पावती पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहावी. पन्नास किलोंपेक्षा जास्त फरक निघाला तर पाटी दुरुस्त करून मिळेपर्यंत पैसे रोखून धरावेत. ताबा घेतल्यानंतर हीच मागणी मान्य करून घ्यायला महिने जातात.