रिस्क रजिस्टरचं ॲप, ११ महिने वापरून: 'लास्ट रिव्ह्यूड'च्या तारखेवर विसंबू नका

चाकणला इंडस्ट्रियल शेड उभारायची कामं करतो आम्ही, छोटी फर्म आहे. नोव्हेंबर २०२४ ला रिस्क रजिस्टरचं, म्हणजे कामात काय काय बिघडू शकतं त्याची यादी ठेवायचं, एक पेड ॲप घेतलं, युजरमागे महिना ३९९, सात युजर, म्हणजे वर्षाचे ३३,५१६ रुपये एकदम भरले. नाव देत नाही कारण सपोर्टशी अजून बोलणं चालू आहे. रिस्क आयडी, ओनर (त्या रिस्कवर लक्ष ठेवणारा माणूस), पाच बाय पाचचं मॅट्रिक्स (शक्यता आणि परिणाम, दोन्हींना १ ते ५ गुण, त्यांचा गुणाकार म्हणजे स्कोअर) हे सगळं अशा प्रत्येक ॲपमध्ये असतंच, त्यामुळे ते सांगत बसत नाही.

मला बोलायचंय ते फक्त एका कॉलमबद्दल. लास्ट रिव्ह्यूड.

आमची दर सोमवारी मीटिंग असते आणि त्यात एकच फिल्टर लावायचा असं ठरलेलं, ३० दिवसांत रिव्ह्यू न झालेल्या रिस्क दाखव. ४३ रिस्क होत्या, सगळ्या दर आठवड्याला वाचणं शक्य नाही, म्हणून हा फिल्टर. त्यातली एक होती, मॉन्सून १० जूनच्या आत आला तर पायाच्या १४ खड्ड्यांचं पीसीसी (तळाला घालायचा साध्या काँक्रीटचा थर) व्हायच्या आधी पाणी भरेल, तळाची काळी माती फुगून सैल होईल आणि परत खोदावं लागेल. शक्यता २, परिणाम ४, स्कोअर ८, पिवळी. २४ मार्चच्या मीटिंगला नीट चर्चा करून लिहिलेली. नुकसान दीड लाख धरलेलं, शक्यता २० टक्के, म्हणजे हिशोबाने ३० हजार, आणि पीसीसी आधी उरकायला जादा टोळी लावायची तर खर्च ४५ हजार. म्हणून 'ॲक्सेप्ट' केली, म्हणजे उपाय न करता धोका पत्करला. त्या दिवशी तो निर्णय बरोबरच होता, आजही मी तेच म्हणेन.

पुढे २२ एप्रिलला ऑफिसातल्या मुलाने सगळ्या रिस्कचा प्रोजेक्ट कोड एकदम बदलला, क्लायंटने नवीन कोड दिला होता म्हणून. बाकी कशाला हात लावला नाही. पण ॲपने ४३ च्या ४३ रिस्कवर लास्ट रिव्ह्यूड २२ एप्रिल टाकलं! पावसाची रिस्क दुसऱ्याच दिवशी फिल्टरमध्ये येणार होती, ती आलीच नाही. २८ एप्रिल, ५ मे, १२ मे, १९ मे, चार सोमवार यादी रिकामी दिसली आणि आम्ही पुढच्या विषयाकडे गेलो. मधल्या काळात १० मे ला हवामान खात्याने केरळात मॉन्सून २७ मेच्या आसपास येईल असं जाहीर केलं होतं, नेहमीची तारीख १ जून. ते ऐकून कुणी ती रिस्क उघडली असती तर शक्यता ७० टक्के धरली असती, म्हणजे १ लाख ५ हजार, आणि मग ४५ हजारांची टोळी डोळे झाकून लावली असती. मॉन्सून २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबई-पुण्यात पोचला, आणि आमच्याकडे तर त्याच्या आधीच्या आठवड्यापासूनच पाऊस झोडपत होता. खड्डे भरले, दोन पंप पाच दिवस चालवले, सैल थर काढून पीसीसी जाड घालावं लागलं. ११ दिवस आणि १ लाख ८० हजार गेले.

हे कळलं कसं, तर रिस्कचा इश्यू करताना (म्हणजे ती खरोखर घडली अशी नोंद करताना) खाली कॉमेंट दिसल्या, शेवटची २४ मार्चची. मग तारीख एप्रिलची कशी म्हणून शोधत गेलो.

सपोर्टला तीन मेल केले. तिसऱ्याला उत्तर आलं की ही रेकॉर्डमधल्या शेवटच्या बदलाची तारीख आहे, डिझाइनच तसं आहे. अहो मग कॉलमला रिव्ह्यूड नाव का दिलंत? कोणी काय बदललं ते बघायला ऑडिट लॉग मागितला, तर तो वरच्या प्लॅनमध्ये, युजरमागे आणखी ३०० रुपये. आमच्याच नोंदींचा इतिहास बघायला वेगळे पैसे, हे मला अजिबात पटलेलं नाही.

जूनमध्ये मी एक स्टारच देणार होतो. पण नंतर शांतपणे बघितलं तर त्या रिस्कला ट्रिगरच, म्हणजे काय घडलं की ती परत बघायची ते, लिहिलेलं नव्हतं. "केरळच्या आगमनाचा अंदाज १ जूनच्या आधीचा आला की त्याच दिवशी परत बघायची" एवढं एक वाक्य हवं होतं, ते आम्ही लिहिलं नाही. ट्रिगरचा रकाना ॲपमध्ये होता, रिकामा. एवढी चूक आमची.

आणि एक गोष्ट ज्यासाठी आधी मी भांडलो होतो ती आता सगळ्यात आवडते, एका रिस्कला एकच ओनर टाकता येतो. पूर्वी एक्सेलमध्ये आम्ही "साइट टीम" लिहायचो. आता ट्रान्सफॉर्मरच्या रिस्कवर आमच्या इलेक्ट्रिकल सुपरवायझरचं एकट्याचं नाव आहे, आणि ऑगस्टमध्ये त्याने स्वतःहून फोन करून सांगितलं, डिलिव्हरी लांबतेय, स्कोअर १२ चा १६ करा. भाड्याच्या जनरेटरचं आम्ही तेव्हाच बोलून ठेवलं, वाचलो.

सध्या रिव्ह्यू झाला की कॉमेंटमध्ये तारीख, कोण होतं आणि स्कोअर का ठेवला किंवा का बदलला हे हाताने लिहितो आणि फिल्टर कोणी वापरायचा नाही असं सांगून ठेवलंय. रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. बाकीचे चार जण फक्त बघायचे, त्यांना महिन्याला पीडीएफ पाठवणार आणि तीनच युजर ठेवणार, १४,३६४ रुपये. त्याआधी त्यांनी रिव्ह्यूसाठी वेगळं बटण दिलं तर स्टार दोनाचे चार करेन, नाहीतर सगळं शीटमध्ये हलवतो, तिथे व्हर्जन हिस्टरी तरी फुकट दिसते. कुणी या ॲपमधून कॉमेंटसकट डेटा बाहेर काढलाय का? मी एक्स्पोर्ट करून बघितला तर कॉमेंट येत नाहीयेत.