धार्मिक समुदायात मन दुखावलं: आधी समुपदेशक, समदुःखींचा गट, की नवा समुदाय?

धार्मिक समुदायात ज्यांचं मन वर्षानुवर्षं दुखावलं गेलं, त्यांना मदत निवडणंच जड जातं. तिथे पहिला घाव बसतो तो स्वतःच्या निर्णयावरच्या विश्वासावर. शंका आली तर श्रद्धा कमी, राग आला तर अहंकार, दमलात तर सेवेत खोट, असं सतत ऐकलेल्या माणसाला ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ हा सल्लाही ओझं वाटतो. मी त्यातून गेले आहे. बाहेर पडल्यावर कितीतरी महिने मी वाट बघत होते, की पुढे काय करायचं ते कुणीतरी आज्ञा करून सांगेल. म्हणून इथे आज्ञा करत नाही. वाटा शेजारी-शेजारी ठेवते आणि माझं मत कुठे झुकतं तेही सांगते. प्रत्येक वाट मी एकाच गोष्टीवर तोलली आहे: तिथे ‘नाही’ म्हणता येतं का?

समुपदेशक

समोर एकच माणूस, बोललेलं बाहेर जात नाही, वेग तुमचा. झोप उडणं, छातीत धडधडणं, प्रार्थनेचे सूर कानावर पडताच हातपाय गार पडणं, अशा त्रासांवर काम करायचं शिक्षण त्या माणसाकडे असतं. आघातानंतरच्या तणावविकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ज्या उपचारांची शिफारस केली, ते आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (त्रास देणारे विचार आणि सवयी हळूहळू बदलण्याची पद्धत) आणि ‘ईएमडीआर’ (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आठवणींवर काम करण्याची पद्धत), दोन्ही प्रशिक्षित व्यक्तीकडूनच घ्यायचे असतात.

अडचणीही खऱ्या आहेत. खर्च होतो. समुदायाची भाषा समुपदेशकाला ठाऊक नसते, त्यामुळे पहिल्या काही भेटी नुसतं समजावून सांगण्यात जातात. आणि समोर ‘जाणता’ माणूस बसला की आपली मान आपोआप खाली जाते. गुरूच्या जागी समुपदेशक बसवला तर हाती काही लागत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: मी थांबा म्हटलं तर थांबाल का? श्रद्धा ठेवायची की सोडायची, हे माझ्यावर सोडाल का? उत्तर देताना त्या व्यक्तीला राग आला किंवा ती तुम्हाला समजावू लागली, तर दुसरीकडे जा. त्याच समुदायातला समुपदेशक तर, कितीही भला असला तरी, मी टाळेन. तुमचं बोलणं फिरून तिथेच पोचण्याची धास्ती मनातून जात नाही.

‘माझा त्रास खरंच आजार आहे का’ या प्रश्नावर अडून राहू नका. मार्लीन विनेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०११ मध्ये ‘धार्मिक आघात लक्षणसमूह’ असा शब्द मांडला, पण ते अधिकृत निदान नाही. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत १९९४ पासून ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी नोंद आहे, तीही विकार म्हणून नव्हे, तर उपचारात लक्ष देण्याजोगी बाब म्हणून. म्हणजे निदानाचं नाव मिळालं नाही तरी मदत मागायला तुम्ही मोकळे आहात.

समदुःखींचा गट

इथे जे मिळतं ते समुपदेशकाकडे मिळत नाही. अर्धं वाक्य बोललात तरी समोरचा मान डोलावतो. ‘मीच कमी पडले’ ही लाज दहाजणांच्या तोंडून तेच ऐकल्यावर सैल होते. घडलेल्या गोष्टीपेक्षाही, तक्रार केल्यावर सगळे कसे गप्प झाले, याची जखम खोल असते. जेनिफर फ्रेड या संशोधक त्याला संस्थेने केलेला विश्वासघात म्हणतात. ही जखम गटाला लगेच कळते.

पण कच्च्या मनाने गेलात तर इतरांच्या कहाण्या अंगावर येतात. रात्री स्वतःच्या आठवणींबरोबर त्यांच्याही आठवणी छातीवर बसतात. दुसरा धोका अधिक सूक्ष्म. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी १९६१ मध्ये विचारांवर ताबा मिळवणाऱ्या गटांची आठ वैशिष्ट्यं मांडली. त्यात कबुलीचा आग्रह आहे आणि ठरावीक शब्दांनी विचार बंद करणारी भाषाही आहे. दुखावलेल्यांच्या गटातही हे शिरू शकतं: प्रत्येकाने आपली कहाणी सांगायलाच हवी, जुन्या समुदायाबद्दल एक चांगला शब्द काढला की नजरा वळतात, एकच माणूस सगळ्यांच्या दुःखाचा अर्थ लावतो. गप्प बसायची मुभा आणि न विचारता निघून जायची मुभा, या दोन्ही असतील तो गट चांगला. पहिल्या दिवशी मुद्दाम मधेच उठून बाहेर जाऊन बघा.

नवा समुदाय

ही ओढ मला समजते. एकत्र गाणं, ठरलेला वार, आपली वाट बघणारी माणसं, हे सगळं एका दिवसात तुटलेलं असतं. तरी पहिलं वर्ष थांबावं, असं माझं ठाम मत आहे. आध्यात्मिक संघर्ष देवाशी असतो, स्वतःशी असतो किंवा माणसांशी. तुमचा राग फक्त माणसांवर असेल, देव अजून जवळचा वाटत असेल, तर पुढे कधी नवी जागा मानवेलही. पण देवाचं नाव घेताच घसा आवळत असेल, तर भिंती बदलल्याने तो सैल होत नाही. श्रद्धेचा निकाल आत्ता लावायची घाईही नको.

एकट्याने लिहिणं ही पुरवणीची वाट. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ पासून तपासलेली पद्धत साधी आहे: सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, मनातलं न थांबता लिहायचं. लिहून झाल्यावर लगेच मन जड होतं हे धरून चाला, आणि जखम अगदी ओली असेल तर हे नंतरसाठी ठेवा.

माझा कल

आघातावर काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. माझा क्रम त्यावरच बेतलेला आहे. झोप, जेवण, घर यांची घडी बसेपर्यंत समुपदेशक. स्वतःची गोष्ट न थरथरता सांगता येऊ लागली की शेजारी गट. नवा समुदाय, हवाच असेल तर, शेवटी. पैशांमुळे समुपदेशक शक्य नसेल, तर गटापासून सुरुवात करा, पण जिथे कहाण्यांपेक्षा रोजचं जगणं सावरण्यावर बोललं जातं तसा गट निवडा. आणि जीव नकोसा वाटत असेल तर ही तुलना इथेच सोडा. आजच डॉक्टरांना किंवा तातडीच्या मदतक्रमांकावर फोन करा, जवळच्या कुणाला तरी सोबत बसवून घ्या.

पाच-सहा भेटींनंतर स्वतःला विचारा, मी इथे एकदा तरी ‘नाही’ म्हटलंय का? मला ते सातव्या भेटीत जमलं. समुपदेशक बाईंनी वडिलांबद्दल विचारलं, त्याच समुदायात अजून असलेल्या वडिलांबद्दल. मी म्हटलं, ‘आज नको.’ त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि झोप कशी लागते ते विचारलं. मी बराच वेळ वाट बघत बसले, आता काहीतरी बोलणी बसतील म्हणून. बसली नाहीत. पुढच्या आठवड्यात मी गटाची चौकशी केली.