ग्राउंड न्यूज : वरच्या पट्टीपेक्षा खालची यादी कामाची

यूट्यूबवर ग्राउंड न्यूजची जी वाहवा कानावर पडते, तिच्यातली बरीचशी प्रायोजित असते. पक्षपात ओळखायला मदत करणारं अ‍ॅप आपल्यापर्यंत पोचतं ते जाहिरातीतून, ही गंमतच. तेवढ्यावरून ते टाकाऊ ठरत नाही, पण पहिल्या पानावर जे ठळक दिसतं तेच त्यातलं सगळ्यात कच्चं आहे.

एका घटनेवरच्या निरनिराळ्या प्रकाशनांच्या बातम्या हे अ‍ॅप एका पानावर गोळा करतं आणि वर डावे, मध्यम, उजवे अशी पट्टी काढतं. हा झुकाव ते स्वतः मोजत नाही. ऑलसाइड्स, अ‍ॅड फॉन्टेस आणि मीडिया बायस फॅक्ट चेक या माध्यमांचा कल तपासणाऱ्या तिघांनी दिलेल्या श्रेणींची सरासरी घेतं. तिन्ही अमेरिकी, त्यामुळे डावं-उजवं तिथल्या राजकारणाच्या मापाने ठरतं. बाकीच्या देशांतल्या वर्तमानपत्रांना तो सदरा नीट बसत नाही. शिवाय तिघांच्या पद्धतीही वेगळ्या. अ‍ॅड फॉन्टेस एकेक लेख डाव्या, मध्यम आणि उजव्या कलाच्या तिघा परीक्षकांकडून वाचून घेते, झुकावाला उणे ४२ ते अधिक ४२ आणि विश्वासार्हतेला ० ते ६४ असे गुण देते. ऑलसाइड्सकडे पाचच कप्पे आहेत आणि बातमी अचूक आहे की नाही याला ती हात लावत नाही.

शिक्का बसतो तो प्रकाशनावर, समोरच्या लेखावर नाही. ऑलसाइड्स वॉल स्ट्रीट जर्नलची बातम्यांची पानं 'मध्यम' आणि मतपानं 'उजवीकडे झुकलेली' अशी वेगळी धरते. एका प्रकाशनाला एकच शिक्का दिला की हा फरक बुजतो. म्हणून लेख उघडल्यावर आधी तो बातमी आहे, विश्लेषण आहे की अग्रलेख, हे बघावं आणि मगच शिक्क्याकडे वळावं.

आता पट्टीचं गणित. समजा, पानावर एकूण ६३ स्रोत लिहिलेत : डावे १५, मध्यम २२, उजवे ६. खाली 'मध्यम ५१ टक्के'. बेरीज केली तर ४३ होते. उरलेल्या २० प्रकाशनांना कुणी श्रेणीच दिलेली नाही आणि टक्केवारीत ती धरलेली नाहीत. ६३ पैकी २२ म्हणजे खरं तर ३५ टक्के. अमेरिकेबाहेरच्या घटनेत बिनश्रेणीचे स्रोत अनेकदा याहून जास्त, आणि नेमके घटनास्थळाजवळचे वार्ताहर त्यांच्यातच असतात.

त्याहून मोठा घोळ वृत्तसंस्थांच्या मजकुराचा. एपी, रॉयटर्स किंवा एएफपीची एक बातमी चाळीस ठिकाणी जशीच्या तशी लागली, तर यादीत चाळीस नावं दिसतात. वार्ताहर मात्र एकच. हे पकडायला फार खटपट नको. बायलाइन, म्हणजे बातमीदाराच्या नावाची ओळ, आणि शेवटची ओळ बघावी. तिथे संस्थेचं नाव नसेल तर बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदातलं एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावं, जुळी भावंडं लगेच सापडतात. कंपनीच्या किंवा मंत्रालयाच्या प्रसिद्धीपत्रकाची खूण वेगळी : सगळीकडे तेच एक अवतरण, प्रतिप्रश्न कुठेच नाही आणि दुसऱ्या बाजूचा माणूस गायब. अशी जुळी वगळून यादी पुन्हा मोजली की चाळिसातून हाती पाच-सहा मूळ बातम्या लागतात, आणि वाचायच्या त्याच.

'ब्लाइंडस्पॉट' हे अ‍ॅपचं सर्वांत गाजलेलं अंग. एका बाजूच्या प्रकाशनांनी जवळपास न छापलेल्या बातम्या ते वेगळ्या काढून देतं. मुळात ८-१० स्रोत असतील तर एका-दोघांनी इकडचं तिकडं केलं तरी चित्र पालटतं. तिथे निष्कर्ष काढू नये. आणि इथे मौन मोजलं जातं ते बाजूचं, पैशाचं नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजकीय स्तंभलेखक पीटर ओबोर्न यांनी ब्रिटनच्या डेली टेलिग्राफचा राजीनामा दिला. एचएसबीसी बँकेच्या जाहिराती जपण्यासाठी तिच्याबद्दलच्या बातम्या दाबल्या जातात, असा त्यांचा आरोप होता; वर्तमानपत्राने तो फेटाळला. असं एकच वर्तमानपत्र गप्प बसलं आणि त्याच बाजूच्या इतरांनी बातमी छापली, तर ब्लाइंडस्पॉटला काहीच दिसणार नाही. जाहिरातदार कोण, हा रकानाच तिथे नाही.

मालकीचा तपशील आहे, पण तो पूर्ण बघायला वर्गणी भरावी लागते. माध्यम समूह, स्वतंत्र, सरकारी, धनाढ्य व्यक्ती अशी ती वर्गवारी. मालक कोण ते कळतं, तो कुठपर्यंत हात घालतो ते नाही. जेफ बेझोस २०१३ पासून वॉशिंग्टन पोस्टचे मालक आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये मतपानांनी व्यक्तिस्वातंत्र्य आणि मुक्त बाजारपेठ यांची बाजू मांडावी, असं त्यांनी जाहीर केलं आणि मतपानांचे संपादक पायउतार झाले. मालकी तीच, वर्गही तोच. बदल झाला तो धोरणात. तसंच 'सरकारी' या एका शब्दाखाली प्रेक्षकांच्या परवाना शुल्कावर चालणारं प्रसारण आणि थेट सरकारी अनुदानावर पोसलेली वाहिनी, दोन्ही मावतात.

तुलनेला न्यूजगार्ड घ्या, बातम्यांच्या संकेतस्थळांची विश्वासार्हता तपासणारी कंपनी. तिथे नऊ निकषांवर १०० गुण मिळतात. मालकी आणि अर्थपुरवठा उघड करण्याला ७.५, जाहिरात स्पष्ट ओळखू येण्याला ७.५. म्हणजे बाहेरच्या दाबाशी थेट निगडित असे १५च. तरीही प्रत्येक निकषावर गुण का गेले ते लिहून मिळतं, ही गोष्ट ग्राउंड न्यूजच्या सरासरीपेक्षा सरस आहे.

एआयने केलेला डावे-मध्यम-उजवे मांडणीचा सारांश चाळायला बरा. पण 'आरोप आहे' आणि 'झालं आहे' यांतली सीमा सारांशात सहज पुसली जाते, तेव्हा क्रियापदं मूळ लेखाशी ताडून बघावीत.

रोज दोन-तीन बातम्या उलटसुलट वाचणाऱ्याला मोफत खातं पुरतं. मालकीची माहिती तर बहुतेक प्रकाशनांच्या 'आमच्याविषयी' पानावर आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात फुकट मिळते. वर्गणीत वाचतो तो शोधण्याचा वेळ. माध्यमांचा अभ्यास करणाऱ्यांनी किंवा न्यूजरूममध्ये डेस्कवर बसणाऱ्यांनी ती घ्यायला हरकत नाही.