कोपाल जी+व्ही: फेरशस्त्रक्रियेसाठीचे भरवशाचे बोन सिमेंट

सांधेरोपणानंतर जंतुसंसर्ग झाला आणि तो मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूचा निघाला, की कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवणाऱ्या, पण नुसते जेंटामायसिन हे प्रतिजैविक घातलेल्या सिमेंटवर भिस्त ठेवता येत नाही. अशा वेळी हेरेउस कंपनीचे कोपाल जी+व्ही हे सिमेंट मला उजवे वाटते. त्यात 0.5 ग्रॅम जेंटामायसिनबरोबर 2 ग्रॅम व्हँकोमायसिन हे दुसरे प्रतिजैविक कारखान्यातच एकजीव केलेले असते. शस्त्रक्रियागृहात कुपी फोडून तीच पूड हाताने कालवली, तर गुठळ्या राहतात, सिमेंटची ताकद घटते आणि औषध किती पाझरेल याचा नेम राहत नाही. ती कटकट येथे वाचते. हॅम्बुर्गचे शल्यविशारद बुखहोल्झ यांनी 1970च्या सुमारास सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची जी वाट पाडली, तिचाच हा पुढचा टप्पा. हिरवट रंगामुळे ते हाडापासून चटकन वेगळे ओळखू येते, याची किंमत पुढे कधी ते कोरून काढावे लागले की कळते.

औषधाचा मोठा ओघ मात्र पहिल्या काही दिवसांतच वाहून जातो, त्यामुळे दूषित ऊतके काढण्यात हयगय झाली असेल, तर सिमेंट ती भरून काढत नाही. शिवाय ते महाग आहे, आणि पहिल्याच सांधेरोपणात सरसकट व्हँकोमायसिन वापरणे मला पटत नाही.