करंगळीला जागा मिळेपर्यंत : सिग पी-३६५ चौदा महिने वापरल्यानंतर

मी ह्यूस्टनच्या उपनगरात राहतो. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही कपड्यांखाली पिस्तूल बाळगता येते. तरीही मी वर्गात बसून राज्याचा परवाना काढला आणि त्यानंतरच सिग सावर कंपनीचे पी-३६५ विकत घेतले. (एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांनी हे वाचून थेट दुकान गाठू नये. काही मोजके अपवाद सोडले, तर संघीय कायद्याने त्या व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही.) २०१८ साली बाजारात आलेल्या या पिस्तुलाची नळी ३.१ इंचांची, वजन रिकाम्या मॅगझीनसह (म्हणजे मुठीत आत सरकवायच्या गोळ्यांच्या डबीसह) जेमतेम पाचशे ग्रॅम, आणि एवढ्याशा मुठीत ९ मिमीच्या दहा गोळ्या मावतात. दुकानात हातात घेतले तेव्हा मी हरखून गेलो होतो.

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, पहिल्याच दिवशी तो आनंद ओसरला. सात यार्डांवर लावलेल्या कागदी ताटलीवर पहिली गोळी बरोबर बसे, दुसरी काठावर जाई आणि तिसरीच्या वेळी पिस्तूल मुठीत इतके फिरलेले असे की पकड सोडून नव्याने धरावे लागे. नेम वाईट म्हणावा, तर रेंजवर भाड्याने मिळणाऱ्या ग्लॉक १९ या मोठ्या पिस्तुलाने त्याच डब्यातल्या गोळ्या मी एकाच जागी मारत होतो. फरक सरळ होता. ग्लॉक १९ चे वजन रिकाम्या मॅगझीनसह पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि तिच्या मुठीवर माझी तिन्ही बोटे बसतात. पी-३६५ च्या मुठीवर, सपाट तळाचे मॅगझीन लावले असता, दोनच बोटे बसतात आणि करंगळी खाली लोंबकळत राहते. नळी हाताच्या वर असल्यामुळे प्रत्येक गोळीबरोबर पिस्तुलाचे तोंड वर उचलले जाते, आणि ही उचल आवरायला सर्वांत जास्त उपयोगी पडते ते मुठीच्या सर्वांत खालचे बोट. नेमके तेच माझ्याकडे रिकामे बसले होते.

पिस्तुलासोबत दहा गोळ्यांची दोन मॅगझिने मिळाली होती, त्यांतल्या एकाच्या तळाला बोट टेकवण्यापुरती जिभेसारखी पट्टी होती. तिने पकड लगेच सुधारली, पण एक त्रास दिला. मॅगझीन घाईने आत ठोकले की करंगळीच्या कडेचे कातडे मूठ आणि पट्टी यांच्या फटीत चिमटले जाई. दोन वेळा रक्ताळलेला फोड घेऊन घरी आलो. पुढे बारा गोळ्यांचे लांब मॅगझीन घेतले, त्याने बोटाला पूर्ण आधार मिळाला आणि चिमटेही थांबले.

त्यानंतर मी मुठीवर वाळूकागदासारखा खरखरीत चिकटपट्ट लावला. घाम आलेल्या हातातही पिस्तूल हलेना, रेंजवर तर तो रामबाण वाटला. परंतु पिस्तूल दिवसाचे दहा-बारा तास कमरेला असते आणि गोळ्या झाडण्याचा वेळ महिन्यातून दोन तास, हा हिशेब मी केलाच नव्हता. टेक्ससच्या जुलैमध्ये तीन दिवसांत पोटाची कातडी सोलवटली आणि दोन बनियनांची जाळी झाली. तो काढून रबरी पोताचा पट्ट लावला. पकड थोडी कमी, पण अंगाला सोसवते.

खरा पालट मूठ बदलल्यावर झाला. या पिस्तुलात चापाची सगळी यंत्रणा धातूच्या एका छोट्या चौकटीत बसवलेली असते. सिरियल नंबर तिच्यावर असतो आणि कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे तेवढीच चौकट. बाहेरची प्लॅस्टिकची मूठ हा निव्वळ सुटा भाग असल्यामुळे ती कोणत्याही कागदपत्रांशिवाय मागवता येते. मी मोठ्या भावंडाची, म्हणजे २०१९ मध्ये आलेल्या पी-३६५ एक्सएलची, लांब मूठ साठेक डॉलरना घेतली. पिस्तूल रिकामे आहे याची दोनदा खात्री करून स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) उतरवली, बाजूचा खटका बाहेर ओढला, चौकट उचलून नव्या मुठीत बसवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एकही हत्यार न वापरता. नळी आणि स्लाइड जुनीच, आखूड. आता बारा गोळ्यांचे मॅगझीन मुठीशी समपातळीत बसते आणि तिन्ही बोटांना अखंड जागा मिळते. त्याच सात यार्डांवर सहा गोळ्या भराभर झाडल्या, तरी पाच निश्चित ताटलीत जातात आणि मधे पकड सुधारावी लागत नाही.

नव्या मुठीबरोबर एक कोडेही आले. शेवटची गोळी झाडल्यावर स्लाइड मागे अडकून राहायला हवी, ती मधूनमधून पुढे येऊन बंद होऊ लागली. मी मॅगझीनला दोष दिला, त्याची स्प्रिंग बदलली, विक्रेत्याला तक्रारीचे लांबलचक पत्रही धाडले. अखेर रेंजवरच्या प्रशिक्षकांनी माझ्या हाताकडे दोन मिनिटे पाहिले आणि उजव्या अंगठ्यावर हलकेच टिचकी मारली. हात मुठीवर उंच धरायला शिकल्यापासून तो अंगठा स्लाइड रोखणाऱ्या खटक्यावर विसावत होता आणि त्याला वर उठूच देत नव्हता. अंगठा अर्धा इंच बाहेर ठेवल्यापासून ती तक्रार संपली. विक्रेत्याला मी दुसरे, पुष्कळ लहान पत्र पाठवले.

चापाला मात्र मी हात लावलेला नाही. हलका चाप बसवून घेण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण पोटाशी टेकून बाळगायच्या पिस्तुलाचा चाप कारखान्यातून आला तेवढाच जड असावा, असे माझे मत आहे. त्यापेक्षा घरी, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज दहा मिनिटे रिकामा चाप ओढण्याचा सराव केला, त्याचा गुण अधिक आला.

लांब मुठीची किंमत कपड्यांत मोजावी लागली. लपवायला नळी कधीच जड जात नाही, ती पँटच्या आत असते; उघडी पडते ती मूठ. वाकून बुटाची नाडी बांधताना तिचा मागचा कोपरा शर्टातून टोकासारखा दिसू लागला. होल्स्टरला (पिस्तूल ठेवायच्या म्यानाला) मूठ शरीराकडे दाबणारा पंखासारखा तुकडा बसवला आणि शर्ट एका मापाने मोठे घेऊ लागलो, तेव्हा कोठे ते झाकले. तरीही उन्हाळ्यात लग्नकार्याला पातळ सदरा घालायचा असला, तर मी जुनी आखूड मूठ पुन्हा चढवतो आणि आदल्या दिवशी तिच्यावर पन्नास गोळ्यांचा सराव करून येतो, कारण हात तोवर तिला विसरलेला असतो.

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने हेच पिस्तूल घेण्याचे ठरवले आहे. तेथे दहाहून अधिक गोळ्यांचे मॅगझीन बाळगता येत नाही, त्यामुळे बारा गोळ्यांचा मार्ग त्याला बंद आहे. त्याला मी जिभेच्या पट्टीचे दहाचे मॅगझीनच वापरायला सांगितले आहे, आणि ते आत ठोकताना करंगळी उचलून धरायला.