फिजिओंसाठीचा एथिक्सचा ऑनलाइन कोर्स: कन्सेंटसाठी नक्की करा, क्विझकडून अपेक्षा ठेवू नका

फिजिओथेरपी शिकताना एथिक्स म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचा चॅप्टर, ऑटोनॉमी (पेशंटचा स्वतः ठरवायचा हक्क), बेनेफिसन्स (पेशंटचं भलं करणं) वगैरे चार शब्द लिहिले की मार्क मिळतात आणि पोस्टिंगला गेल्यावर त्यातलं काहीच कुणी विचारत नाही. मी इंटर्न मुलामुलींना शिकवते, त्यांना काहीतरी धड दाखवावं म्हणून हा कोर्स आधी स्वतः पूर्ण केला. रजिस्ट्रेशन, एथिक्स आणि प्रोफेशनल शिक्षण असे तिन्ही विषय एकत्र घेतलेत, सगळं रेकॉर्डेड आहे, आपल्या सवडीने बघता येतं.

सगळ्यात आधी कन्सेंटच्या, म्हणजे पेशंटच्या संमतीच्या भागाबद्दल, कारण एवढ्यासाठी जरी कोर्स केला तरी चालेल. एक व्हिडिओ आहे, कंबरदुखीची पेशंट पालथी झोपलीये, थेरपिस्ट बोलता बोलता तिचा टी-शर्ट वर सरकवतो आणि पॅन्टची कड थोडी खाली घेतो, ती "हं" म्हणते. इथे व्हिडिओ थांबतो आणि विचारतात, हा कन्सेंट झाला का? पेशंटला थेरपिस्टचे हात दिसत नाहीयेत, पुढे काय होणार माहीत नाही, तोंड उशीत आहे, मग ते "हं" कशाला होतं? मग तोच प्रसंग परत दाखवतात, पण आता ती बसलेली असतानाच थेरपिस्ट सांगतो की मी कुठे हात लावणार, का लावणार, कपडा कुठपर्यंत सरकवावा लागेल, सोबत कुणी हवंय का, आणि मध्येच नको वाटलं तर नुसतं थांबा म्हणा. त्यानंतर हात दुसऱ्या जागी नेताना तो परत विचारतो. या सगळ्याला मिनिटभरसुद्धा लागत नाही हो! आपल्या कामात हात लावणं रोजचंच असल्यामुळे आपल्याला त्याचं काही वाटेनासं होतं, पेशंटला मात्र वाटतं, आणि हे इतकं स्पष्ट दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नव्हतं.

मानेच्या मॅनिप्युलेशनची, म्हणजे हाताने झटका देऊन सांधा मोकळा करण्याची केसही चांगली घेतलीये. मानेतली रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक होणं फार दुर्मिळ आहे, मग ते पेशंटला सांगायचं की उगाच घाबरवायचं नाही? तिथे 2015 चा ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टातला माँटगोमेरी खटला समजावलाय. तो खटला खरं तर बाळंतपणातला, आईला डायबेटिस होता आणि बाळाचा खांदा अडकण्याचा धोका डॉक्टरने तिला सांगितलाच नव्हता. कोर्टाने म्हटलं की त्या पेशंटच्या जागी असलेल्या समजूतदार माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगायलाच हवा, बाकीचे डॉक्टर सांगतात की नाही हा मुद्दा नाही. म्हणजे "आमच्याकडे कुणीच सांगत नाही" हे उत्तर चालत नाही, आणि मॅनिप्युलेशनऐवजी एक्झरसाइजसारखे दुसरे काय पर्याय आहेत तेही सांगावं लागतं.

इतिहासाचा भाग मला वाटलं होतं कंटाळवाणा असेल, पण नाही. 1894 मध्ये लंडनमध्ये चार नर्सेसनी सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस काढली, कारण मसाजच्या नावाखाली वेश्याव्यवसाय चालायचा आणि खरं काम करणाऱ्या बायका त्यात बदनाम होत होत्या. त्यांचे नियम बघा, डॉक्टरने सांगितल्याशिवाय मसाज नाही, पेशंटला औषधं विकायची नाहीत, आणि जाहिरात फक्त वैद्यकीय पेपरात. आजची चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी तीच. म्हणजे आपल्या प्रोफेशनमध्ये एथिक्स मागाहून चिकटवलेलं नाहीये, संघटना उभी राहिली तीच त्यासाठी. मग 1976 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिजिओंच्या असोसिएशनने डॉक्टरच्या रेफरलशिवाय पेशंट घ्यायचा नाही हा आपला नियम काढून टाकला. हे ऐकून माझे इंटर्न एकदम खूश झाले, पण कोर्स लगेच पुढची केस टाकतो: कंबरदुखीचा पेशंट थेट तुमच्याकडे आलाय, बसायच्या जागी बधिरपणा आहे आणि सकाळपासून लघवी नीट होत नाहीये. हा कॉडा इक्वायना, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाच्या नसा दबल्याचा प्रकार असू शकतो, इथे एक्झरसाइज शिकवत बसलात तर त्याचं आयुष्यभराचं नुकसान, ताबडतोब इमर्जन्सीला पाठवायचं. पहिला बघणारा तुम्ही असाल तर हे ओळखायची जबाबदारीही तुमचीच, आणि हे एथिक्सच्या कोर्समध्ये घेतलं हे मला फार पटलं, कारण आपल्याला काय येत नाही ते माहीत असणं हाही एथिक्सचाच भाग आहे.

रजिस्ट्रेशनच्या भागात असोसिएशन आणि रेग्युलेटर यातला फरक छान सोडवून सांगितलाय, पुष्कळ सिनियर लोकांचाही यात गोंधळ असतो. असोसिएशन आपल्यासाठी असते, रेग्युलेटर पेशंटसाठी. ब्रिटनचं उदाहरण घेतलंय, चार्टर्ड सोसायटी मेंबर्सची बाजू मांडते, आणि एचसीपीसी (हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल) ही तिथली रेग्युलेटर रजिस्टर ठेवते, तक्रारी बघते, त्या रजिस्टरवर नाव नसताना स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेणं तिथे गुन्हा आहे. कोर्समध्ये नसलेली एक गोष्ट मी जोडते, पदवीचं नाव मोठं झालं म्हणजे पेशंट सुरक्षित झाला असं होत नाही. अमेरिकेत 2016 पासून या प्रोफेशनमध्ये यायचं तर डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी ही डिग्री लागते, तरी लायसन्स वेगळं घ्यावंच लागतं आणि तक्रार झाली तर स्टेट बोर्ड ते काढूनही घेऊ शकतं.

आता जे आवडलं नाही ते. क्विझ अगदी फुसकी आहे. "पेशंटची माहिती गुप्त ठेवावी का" असे प्रश्न, चुकलात तरी परत क्लिक करा, शेवटी सर्टिफिकेटवर तासांचा आकडा छापून मिळतो. आणि गंमत म्हणजे याच कोर्समध्ये सांगितलंय की एचसीपीसी शिकण्याचे तास मोजत नाही, रजिस्ट्रेशनच्या दर रिन्यूअलला 2.5 टक्के लोकांची निवड करून त्यांना विचारते की तुम्ही काय शिकलात आणि त्याचा पेशंटला काय फायदा झाला ते दाखवा. मग इथे तरी एखादी खरी केस देऊन चार ओळी लिहून घ्यायला काय हरकत होती? मी माझ्या ग्रुपला क्विझ सोडायला सांगितली आणि त्याऐवजी प्रत्येकाकडून आपल्याच एका पेशंटची कन्सेंटची नोट नाव काढून लिहून घेतली. "कन्सेंट घेतला" एवढंच लिहिणारे निम्म्याहून जास्त निघाले, काय सांगितलं, पेशंटने काय विचारलं, कशाला नाही म्हटलं याचा पत्ताच नाही. त्यावर झालेली चर्चा अख्ख्या क्विझपेक्षा उपयोगी ठरली.

पैशांचा विषयही घाईत आटोपलाय. पेशंट पाहण्याआधीच सेशन्सचं पॅकेज विकणं, बरं वाटायला लागलं तरी "अजून थोडे दिवस या" म्हणणं, कंबरेवर उपचाराच्या अल्ट्रासाउंडचं (सोनोग्राफीचं नव्हे) मशीन फिरवत राहणं जेव्हा त्याच्या बाजूने भक्कम पुरावाच नाही, हे प्रश्न नवीन मुलांसमोर पहिल्या नोकरीतच येतात आणि तेव्हा मालकाला काय म्हणायचं ते कुणी शिकवत नाही. कोर्समध्ये यावर एक स्लाइड आहे फक्त. डिस्चार्ज कधी करायचा, पहिल्याच दिवशी पेशंटबरोबर ध्येय ठरवून ते गाठलं की थांबायचं, हे तरी नीट घ्यायला हवं होतं.

सिनियरची चूक दिसली तर ज्युनियरने काय करायचं, हे शेवटच्या मॉड्यूलमध्ये येतं. आधी पेशंट सुरक्षित करा, मग जे पाहिलं तेच तारीख-वेळेसकट लिहून ठेवा, ऐकीव काही घालू नका, मग सुपरवायझरकडे जा आणि तोच माणूस सुपरवायझर असेल तर त्याच्या वरच्याकडे किंवा रेग्युलेटरकडे, इतकं सरळ सांगितलंय. माझ्या एका विद्यार्थिनीने लगेच विचारलं, मॅडम, पण माझं इंटर्नशिपचं सर्टिफिकेट त्यांच्याच सहीने मिळणार आहे ना? याचं उत्तर कोर्समध्ये नाही. बनवणाऱ्यांना मी हेच लिहून पाठवलंय, की पुढच्या वेळी हे मॉड्यूल मोठं करा आणि तिच्या प्रश्नापासून सुरू करा.